अकरा सेकंद

बॅटरी काखेत ठेवायची
हे सुन्नाला कुणी शिकवलं नव्हतं.
उणे चौतीसमध्ये बॅटरी मान टाकते,
तशी रेनडिअरची पाडसंही टाकतात,
तेव्हा दोघांना एकाच उबेत धरायचं,
हे तिचं तिनंच ताडलं.

मी तिचा आवाजवाला. एकोणीस वर्षं.
ती म्हणायची, आन्ते,
माणूस बोलायचा थांबला की तू थांबू नकोस.
मी थांबत नसे.
माझ्याकडे कितीतरी तास आहेत
नुसत्या चुलीचे, किटलीच्या झाकणाचे,
निवासी शाळेचं नाव निघाल्यावर
म्हाताऱ्यांनी गिळलेल्या आवंढ्यांचे.
दक्षिणेकडून निरोप यायचे:
इथे काहीच घडत नाही, कापा.

पाडसाच्या कानावर सुरी चालवताना
आमच्यात कुणी बोलत नाही.
एक खाच चुकली तर जनावर जन्मभर
दुसऱ्याच्या नावानं चरतं.
संकलनाच्या टेबलाशीही ती तशीच बसे,
ओठ मिटून,
कापायच्या जागेच्या जरा अलीकडे बोट धरून.

मग राजधानीतल्या एका तळघरात
तिला तिचा आजोबा सापडला.
डब्यावर लिहिलेलं: लॅप पुरुष, वय अंदाजे चाळीस.
समोरून. बाजूनं. पाठमोरा.
मोजपट्टी धरलेला एक हात
त्याच्या कानामागून येतो आणि जातो.
एकंदर अकरा सेकंद.

काउंटरवरचा मुलगा सभ्य होता.
दरपत्रक त्यानं अदबीनं पुढे सरकवलं:
सेकंदाला इतके, कर वेगळा.
तिनं विचारलं, पाठमोरा स्वस्त पडतो का?
तो हसला नाही.
बिचारा यादीत शोधू लागला.

त्या हिवाळ्यात तिनं स्नोमोबाइल विकली.
मी म्हटलं, पाच सेकंदांत भागेल गं.
म्हणाली, आणि उरलेला म्हातारा
त्यांच्याकडेच ठेवू?

पहिल्यांदा दाखवला तो गावच्या व्यायामशाळेत.
भिंतीवरच्या शिड्यांना ओले कोट,
पुढच्या रांगेत रिस्तेन आत्या, वय सत्त्याऐंशी,
चष्मा एका हातात, काठी दुसऱ्या.
आजोबा पडद्यावर आला.
कुणी खाकरलंसुद्धा नाही.
मोजपट्टी कानाशी पोचली
आणि आत्या फस्सकन हसली.

अगं, ही टोपी आपली नाही!
नदीपलीकडच्यांची आहे ही!
आणि पट्टा बघा, बायकांसारखा बांधलाय,
कुणी सजवलं बाबाला?

सगळं गाव हसलं.
पोरंही, ज्यांना कुठली टोपी कुणाची ठाऊक नाही.
मग आत्या पुढे वाकली,
आणि अगदी हळू, जणू त्यालाच:
गारठला होता तो.
अंगठे बघा, मुठीत आत मुडपलेत.

सवयीनं माझा रेकॉर्डर चालूच होता.

महोत्सवाची तारीख दोन दिवसांवर होती.
सुन्नानं त्या अकरा सेकंदांखालचं
भाड्यानं आणलेलं चेलो काढून टाकलं
आणि आत्याचं हसणं घातलं, पट्ट्यासकट, अंगठ्यांसकट.
तारीख गेली.
तिकडून कुणीतरी विचारलं,
प्रेक्षकांनी इथे हसायचं की गंभीर व्हायचं?
तिनं उत्तर लिहायला घेतलं,
मग मासे साफ करायला गेली.

ती जाऊन आता तिसरा हिवाळा.
परवा एक मुलगी आली, काखेत बॅटरी,
म्हणाली, सुन्नावर काहीतरी करतेय,
तिचा आवाज आहे का तुमच्याकडे?

शोधला.
शेकडो टेपांत ती कुठेच बोलत नाही,
सदा लोकांच्या तोंडाकडे लेन्स लावून बसलेली.
फक्त प्रत्येक टेपच्या सुरुवातीला,
कधी वाऱ्यात, कधी दातांत हातमोजा धरून:
आन्ते, चालू आहे ना?

तेवढंच कापून एकामागे एक जोडलं.
पोरीनं विचारलं, किती सेकंद झाले?
मी सांगितलं, मोजायचं नाही.
घेऊन जा.